मायक्रोफ्लुइडिक चिपमधील प्रकाशीय मापन : निळ्या एलईडीवर चालणारा फ्लुओरेसन्स संच कसा उभारावा

काचेच्या स्लाइडवर चिकटवलेली पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबराची साधी चिप, तिच्यात १०० मायक्रोमीटर रुंद, ५० मायक्रोमीटर खोल आणि १ सेंटीमीटर लांब असे एकच सरळ चॅनेल, आणि त्यातून वाहणाऱ्या द्रावणातील एखाद्या पदार्थाची संहती मोजण्याची गरज, एवढ्यावरून हे मार्गदर्शन सुरू होते. या संपूर्ण चॅनेलमध्ये फक्त ५० नॅनोलिटर द्रव मावतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या नेहमीच्या क्युव्हेटला मिलिलिटरच्या हिशेबात द्रावण लागते, त्यामुळे चिपमधला नमुना बाहेर काढून मोजण्याचा मार्ग बंदच असतो आणि मापन चॅनेलमध्येच, द्रव वाहत असताना करावे लागते. लेझर, संशोधन दर्जाचा सूक्ष्मदर्शक आणि फोटोमल्टिप्लायर (अत्यंत क्षीण प्रकाश टिपणारा डिटेक्टर) ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही पुढचे बहुतेक हिशेब लागू पडतील. परंतु येथे मुख्य उदाहरण निळी एलईडी, दोन फिल्टर आणि एक फोटोडायोड (प्रकाशाचे विद्युत प्रवाहात रूपांतर करणारा घटक) यांवर उभ्या राहणाऱ्या संचाचे आहे, कारण महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बहुधा तेवढेच शक्य असते.

शोषण मोजावे की फ्लुओरेसन्स

पहिला विचार साहजिकच शोषणाचा येतो. बीअर-लँबर्ट नियमानुसार शोषकता म्हणजे पदार्थाचा मोलर शोषण गुणांक, त्याची संहती आणि प्रकाशाने द्रावणातून कापलेले अंतर यांचा गुणाकार होय. क्युव्हेटमध्ये हे अंतर १ सेंटीमीटर असते आणि आपल्या चॅनेलमध्ये ५० मायक्रोमीटर, म्हणजे २०० पट कमी. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराच्या चाचणीत तयार होणाऱ्या पिवळ्या पॅरा-नायट्रोफिनॉलचे उदाहरण घेऊ. अल्कधर्मी द्रावणात, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचा गुणांक सुमारे १८,००० प्रति मोलर प्रति सेंटीमीटर असतो. त्याच्या १०० मायक्रोमोलर द्रावणाची शोषकता क्युव्हेटमध्ये १.८ येते, तर चॅनेलमध्ये ती ०.००९ भरते, म्हणजे पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशात जेमतेम २ टक्के घट होते. संहती १ मायक्रोमोलर असेल तर ही घट ०.०२ टक्के उरते, आणि खोलीचे तापमान एखाद्या अंशाने बदलले तरी साध्या एलईडीचे तेज याहून अधिक हलते.

तरीही शोषणाचा पर्याय सरसकट बाद करू नये. संहती मिलिमोलरच्या घरात असेल, किंवा प्रकाश चॅनेलला आडवा न सोडता त्याच्या लांबीच्या दिशेने सोडता येत असेल, तर शोषण हीच सर्वांत सोपी पद्धत ठरते, कारण तिच्यात नमुन्याला रंगद्रव्य जोडावे लागत नाही. लांबीच्या दिशेने प्रकाश सोडण्यासाठी चॅनेलला इंग्रजी झेड अक्षरासारखी दोन काटकोनी वळणे देतात आणि मधल्या सरळ भागाच्या दोन्ही टोकांना, साच्यातच आखलेल्या खाचांमध्ये, १२५ मायक्रोमीटर बाह्य व्यासाचे प्रकाशतंतू बसवतात. येथे एक अडचण हमखास येते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि पीडीएमएसचा सुमारे १.४१ असल्यामुळे चॅनेलच्या भिंतीवर पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही. प्रकाश भिंतीत शिरतो आणि द्रावणाला न शिवता पीडीएमएसमधूनच पलीकडच्या तंतूपर्यंत जातो. असा वळसा घालून आलेला प्रकाश एकूण प्रकाशाच्या १० टक्के असेल, तर द्रावण कितीही गडद केले तरी मोजलेली शोषकता १ च्या पुढे जात नाही आणि कॅलिब्रेशनची रेषा वाकते. यावर उपाय म्हणजे मार्गाची लांबी १ ते ५ मिलिमीटरपर्यंतच ठेवणे आणि सभोवतालचे पीडीएमएस कार्बन ब्लॅक मिसळून काळे करणे. शिवाय ५ मिलिमीटर मार्ग म्हणजे २५ नॅनोलिटर आकारमानाची सरासरी. एकामागोमाग येणारे दोन पट्टे त्याहून जवळ असतील तर ते वेगळे दिसणार नाहीत.

फ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे रंगद्रव्य एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडते तेव्हा, चित्र बदलते. शोषणात आपण मोठ्या प्रकाशातील लहानशी घट शोधत असतो. फ्लुओरेसन्समध्ये, निदान तत्त्वतः, अंधारातील लहानसा प्रकाश शोधायचा असतो. आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लहान संचात बसवण्याची कल्पना मांडली, आणि १९९३ मध्ये काचेच्या चिपवर अमिनो आम्ले विद्युत क्षेत्राने वेगळी करून दाखवली गेली, तेव्हा त्या आम्लांना फ्लुओरेसंट रंगद्रव्य जोडलेले होते. आजही चिपवर चालणाऱ्या रिअल-टाइम पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढत असतानाच मोजणाऱ्या) यंत्रांमध्ये हीच पद्धत आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट, ज्याच्या क्षयरोगाच्या चाचण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली, हे आपल्याकडचे जवळचे उदाहरण आहे. ल्युमिनॉलसारख्या रसायनाने स्वतःच प्रकाश देणारी अभिक्रिया उपलब्ध असेल तर प्रकाशस्रोत आणि फिल्टर दोन्ही लागत नाहीत, फक्त पक्की काळी पेटी आणि संवेदनशील डिटेक्टर लागतो. मात्र तशी अभिक्रिया प्रत्येक नमुन्याला जुळत नाही. कागदी चिपवरील रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजणे हा स्वतंत्र विषय आहे. तेथे स्वयंचलित एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स बंद करणे आणि रॉ स्वरूपात चित्र घेणे, एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

फ्लुओरेसन्सचा हिशेब आणि त्यातून ठरणारी मांडणी

संच उभारण्याआधी एक हिशेब कागदावर करावा, कारण बाकीचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. रंगद्रव्य म्हणून फ्लुओरेसीन घेऊ. त्याचे शोषण ४९० नॅनोमीटरच्या आसपास आणि उत्सर्जन ५१५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते; पीएच ९ ला मोलर शोषण गुणांक सुमारे ७७,००० आणि क्वांटम यील्ड (शोषलेल्या दर फोटॉनमागे बाहेर पडणाऱ्या फोटॉनचे प्रमाण) ०.९ च्या वर असते. ५० मायक्रोमीटर खोल चॅनेलमध्ये १ नॅनोमोलर फ्लुओरेसीन असेल, तर पडलेल्या १० कोटी फोटॉनपैकी सुमारे ९० शोषले जातात. बाहेर पडणारा फ्लुओरेसन्स सर्व दिशांना पसरतो. ०.५ न्यूमरिकल अपर्चरचे (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप) भिंग, पाण्यातून बाहेर येताना होणारे अपवर्तन धरता, त्यातील साधारण ३.६ टक्केच गोळा करते, ०.१ चे भिंग तर जेमतेम ०.१४ टक्के. म्हणजे चांगल्या भिंगानेही १० कोटी फोटॉन सोडावेत तेव्हा ३ उपयोगाचे फोटॉन हाती लागतात.

आता डिटेक्टर प्रकाशस्रोताच्या बरोबर समोर ठेवला आणि मध्ये ऑप्टिकल डेन्सिटी ६ चा, म्हणजे १० लाखांत एकच फोटॉन जाऊ देणारा उत्तम फिल्टर लावला, तरी त्याच १० कोटींतून १०० निळे फोटॉन फिल्टरमधून निसटतात. संदेश ३ आणि गळती १००. यावरून दिसते की प्रकाशाची शक्ती वाढवून काहीच साधत नाही, कारण संदेश आणि गळती दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. नवखे लोक प्रथम अधिक शक्तीची एलईडी किंवा लेझर विकत घेतात. माझ्या मते तो पैसा फिल्टर, भिंग आणि काळ्या रंगावर खर्च करावा.

समोरासमोरची मांडणी म्हणूनच टाळावी. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर एकाच ऑब्जेक्टिव्हमधून प्रकाश सोडून त्याच ऑब्जेक्टिव्हने फ्लुओरेसन्स गोळा करणारी, मध्ये डायक्रोइक आरसा (एका रंगाचा प्रकाश परावर्तित करून दुसऱ्या रंगाचा जाऊ देणारा) असलेली एपि-मांडणी तयारच मिळते. कॅमेऱ्याच्या जागी फोटोडायोड बसवला की काम भागते. सूक्ष्मदर्शक नसेल तर ४५ अंशांची तिरपी मांडणी करावी. चिप आडवी ठेवून काचेची बाजू खाली आणि नळ्या वर ठेवाव्यात. खालून, काचेला लंब अशा दिशेने डिटेक्टरचे भिंग आणि त्याच बाजूने ४५ अंशांतून एलईडीचा झोत. काचेवरून परावर्तित होणारा सुमारे ५ टक्के प्रकाश विरुद्ध बाजूच्या ४५ अंशांत निघून जातो आणि पार गेलेला प्रकाश वरच्या दिशेने. दोन्ही ठिकाणी काळ्या मखमलीचे किंवा मॅट काळ्या कागदाचे सापळे लावावेत. ०.५ न्यूमरिकल अपर्चरच्या भिंगाचा स्वीकारकोन दोन्ही बाजूंना ३० अंशांचा असतो, त्यामुळे झोत आणि त्या शंकूमध्ये १५ अंशांचे अंतर राहते. एलईडीचा झोत त्याहून अधिक पसरट असेल तर हे अंतर संपते. म्हणून झोत आधी भिंगाने समांतर करून घेणे आवश्यक आहे.

चिपचे साहित्य

पीडीएमएस दृश्य प्रकाशात पारदर्शक असते आणि स्वतः फारसे चमकत नाही, म्हणून ते या कामाला चांगले. त्याचा मोठा दोष असा की पाण्याशी न रमणारे लहान रेणू ते शोषून घेते. रोडामिन बी चॅनेलमधून सोडल्यास ते भिंतीत झिरपते आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. फ्लुओरेसीन विद्युतभारित असल्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी देते. पॉलिकार्बोनेट निळ्या प्रकाशात बरेच चमकते, ते टाळावे. पीएमएमए (ॲक्रिलिक) चालते. प्लास्टिकमध्ये सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर सर्वांत शांत समजले जाते. अतिनील किरणांत काम करायचे असेल तरच फ्यूज्ड सिलिकाचा विचार करावा, कारण साधी काच ३०० नॅनोमीटरच्या खाली अपारदर्शक होत जाते. तळाची काच कोणतीही असो, ती स्वच्छ असावी. बोटांच्या ठशांवरून निळा प्रकाश विखुरतो.

एलईडी, फिल्टर आणि फट

४७० नॅनोमीटरची एलईडी प्रत्यक्षात एकाच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही. तिच्या वर्णपटाची लांब शेपटी ५२० नॅनोमीटरच्याही पुढे जाते, आणि हा हिरवा प्रकाश उत्सर्जन फिल्टरमधून बिनदिक्कत पार होतो, कारण तो फिल्टर हिरवा प्रकाश जाऊ देण्यासाठीच असतो. म्हणून एलईडीच्या पुढेही स्वतंत्र फिल्टर हवाच. ४५० ते ४९० नॅनोमीटर जाऊ देणारा बँडपास पुरतो. खर्च वाचवण्यासाठी हा पहिला फिल्टर गाळण्याचा मोह होतो, आणि मग उत्सर्जन फिल्टर कितीही भारी आणला तरी पार्श्वभूमी हलत नाही. डिटेक्टरच्या बाजूला ५०५ ते ५५० नॅनोमीटरचा बँडपास योग्य. नुसता ५१५ च्या पुढचे सर्व जाऊ देणारा लाँगपास वापरल्यास पाण्याचे रामन विकिरणही (रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश) आत येते. ४८८ नॅनोमीटरच्या उत्तेजनाला पाण्याची सुमारे ३,४०० प्रति सेंटीमीटरची ठळक रामन रेषा ५८५ नॅनोमीटरच्या आसपास पडते. बँडपास ती बाहेर ठेवतो. ४०५ नॅनोमीटरचा स्रोत निवडल्यास हीच रेषा ४७० च्या जवळ येते, निळे चमकणारे रंगद्रव्य वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

इंटरफेरन्स फिल्टरचा, म्हणजे काचेवरील पातळ थरांनी प्रकाश निवडणाऱ्या फिल्टरचा, एक गुणधर्म अनेकांना चकवतो. प्रकाश तिरपा पडला की त्याची सीमा लघु तरंगलांबीकडे सरकते. ५१५ नॅनोमीटरची सीमा १५ अंशांत साधारण ५११ वर येते आणि ३० अंशांत ५०० च्याही खाली जाते. म्हणजे भिंगाच्या कडेने तिरप्या येणाऱ्या किरणांना हा फिल्टर जवळपास उघडा असतो. म्हणून फिल्टर चिप आणि भिंग यांच्या मध्ये ठेवू नये. पहिल्या भिंगाने फ्लुओरेसन्स समांतर करावा, समांतर झोतात फिल्टर ठेवावा, आणि नंतर दुसऱ्या भिंगाने तो फोटोडायोडवर एकवटावा. रंगीत काचेच्या लाँगपास फिल्टरला कोनाचा हा त्रास नसतो, मात्र निळ्या प्रकाशात रंगीत काच स्वतः थोडी चमकते. दोन्ही असतील तर चिपच्या बाजूला इंटरफेरन्स फिल्टर आणि त्याच्या मागे रंगीत काच असा क्रम ठेवावा. उलट क्रम लावला तर रंगीत काचेची स्वतःची चमक थेट डिटेक्टरकडे जाते.

एलईडीचा प्रकाशमान ठिपका साधारण १ मिलिमीटरचा असतो आणि चॅनेल ०.१ मिलिमीटरचे. म्हणजे पडणाऱ्या प्रकाशापैकी ९० टक्के प्रकाश चॅनेलबाहेरच्या पीडीएमएसवर पडतो, जेथून संदेश मुळीच येत नाही, फक्त विखुरलेला प्रकाश येतो. चॅनेलच्या उभ्या भिंतीही बराच प्रकाश विखुरतात. यासाठी दुसऱ्या भिंगाच्या प्रतिमेच्या प्रतलात, म्हणजे फोटोडायोडच्या अगदी पुढे, काळ्या पत्र्यातील १५० मायक्रोमीटर रुंद आणि १ मिलिमीटर लांब फट ठेवावी आणि ती चॅनेलच्या प्रतिमेला समांतर लावावी. या फटीतून चॅनेलचा १ मिलिमीटर लांबीचा तुकडा दिसतो, त्याचे आकारमान ५ नॅनोलिटर. १ नॅनोमोलर द्रावणाच्या एवढ्या आकारमानात सुमारे ३० लाख रेणू असतात.

एलईडीऐवजी ४५० किंवा ४८८ नॅनोमीटरचा लेझर डायोड वापरायचा असेल तर ठिपका लहान करणे सोपे जाते, परंतु निळा लेझर डोळ्यांच्या पडद्याला चटकन इजा करतो. योग्य तरंगलांबीचा संरक्षक चष्मा आणि बंद पेटी नसेल तर लेझर चालू करू नये.

फोटोडायोड आणि त्यापुढचे विद्युत मंडल

चॅनेलच्या त्या तुकड्यावर १०० मायक्रोवॉट निळा प्रकाश पडतो असे धरले, तर १ मायक्रोमोलर फ्लुओरेसीनपासून सिलिकॉन फोटोडायोडमध्ये सुमारे ०.७ नॅनोअँपिअर प्रवाह निर्माण होईल. १० मेगाओहम फीडबॅक रोध असलेल्या ट्रान्सइम्पीडन्स (प्रवाहाचे व्होल्टेज करणाऱ्या) प्रवर्धकातून त्याचे ७ मिलिव्होल्ट होतात, आणि १० नॅनोमोलरचे ०.०७ मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा १० बिटांचा कन्व्हर्टर (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) ५ व्होल्टच्या पल्ल्यात एका पायरीला जवळपास ५ मिलिव्होल्ट धरतो, त्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे. एडीएस १११५ हा १६ बिटांचा स्वस्त कन्व्हर्टर सर्वांत लहान पल्ल्यावर ७.८ मायक्रोव्होल्टची पायरी ओळखतो. तो पुरेसा आहे. फोटोडायोड आणि प्रवर्धक एकाच तुकड्यात असलेला ओपीटी १०१ सुरुवातीला सोयीचा पडतो, कारण १० मेगाओहमच्या मंडलात सोल्डरिंगचा चिकट अवशेष आणि दमट हवा यांमुळेही गळती होते, आणि पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील प्रयोगशाळांत ही तक्रार नवी नाही. स्वतंत्र फोटोडायोड वापरल्यास बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवावा आणि सर्व मंडल जमिनीशी जोडलेल्या धातूच्या डबीत बंद करावे.

आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे विद्युत गुणगुण ५० हर्ट्झला आणि दिव्यांचे लुकलुकणे १०० हर्ट्झला येते. यावर सर्वांत सोपा तोडगा असा की एलईडी २० मिलिसेकंद चालू आणि २० मिलिसेकंद बंद ठेवावी, प्रत्येक खिडकीतील वाचनांची सरासरी काढावी आणि चालूमधून बंद वजा करावे. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झचे एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे दोन्ही त्रास सरासरीतच मिटतात, आणि वजाबाकीने खोलीतला उरलासुरला प्रकाश व प्रवर्धकाचे ऑफसेटही जातात. १ मायक्रोलिटर प्रति मिनिट प्रवाहाला आपल्या चॅनेलमधील वेग सुमारे ३.३ मिलिमीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे १ मिलिमीटरचा तुकडा ओलांडायला ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात अशी सात वाचने सहज होतात. याहून जलद घटना टिपायच्या असतील तर एलईडी काही किलोहर्ट्झने मॉड्युलेट करून लॉक-इन पद्धत (फक्त त्याच वारंवारतेचा संदेश वेगळा काढणारी) वापरावी, आणि फीडबॅक रोध लहान घ्यावा.

या वजाबाकीने एक गोष्ट मात्र जात नाही. फिल्टरमधून निसटलेला निळा प्रकाश एलईडीबरोबरच चालू-बंद होतो, म्हणून तो संदेशात मिसळलेलाच राहतो. तो निव्वळ बफर (पीएच स्थिर ठेवणारे, रंगद्रव्य नसलेले द्रावण) सोडून मोजता येतो आणि वजाही करता येतो, पण वजाबाकीने त्याची पातळी जाते, त्याची चंचलता जात नाही. समजा ही पार्श्वभूमी १ नॅनोअँपिअर आहे आणि एलईडीचे तेज तासाभरात १ टक्क्याने उतरले, तर आपल्याला १४ नॅनोमोलरचा खोटा बदल दिसेल. पार्श्वभूमी ५० नॅनोअँपिअर असेल तर तोच १ टक्का ७०० नॅनोमोलरचा खोटा बदल दाखवील. कोणतेही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करू शकत नाही. म्हणून एलईडीला स्थिर प्रवाहाचा पुरवठा द्यावा, तिला धातूच्या पट्टीवर बसवावे, मापनाआधी अर्धा तास चालू-बंद लयीतच तापू द्यावे, आणि शक्य असल्यास झोताचा एक छोटा हिस्सा दुसऱ्या फोटोडायोडवर पाडून प्रत्येक वाचन त्याने भागावे.

जुळणी

प्रथम सर्व दिवे बंद, पेटी बंद आणि एलईडी बंद ठेवून वाचन घ्यावे. नंतर हातातील टॉर्च पेटीवर फिरवून पाहावी. वाचन हलले तर पेटीला फट आहे, आणि बहुधा ती नळ्या आत शिरतात तेथे असते. पारदर्शक नळी हीसुद्धा प्रकाश आत आणते, म्हणून पेटीच्या आत-बाहेर काही सेंटीमीटरपर्यंत तिच्यावर काळे आवरण चढवावे.

त्यानंतर चॅनेल भरावे. पीडीएमएस पाण्याला दूर लोटते, त्यामुळे कोरड्या चॅनेलमध्ये थेट बफर सोडल्यास कोपऱ्यांत बुडबुडे अडकतात. आधी इथेनॉल सोडावे आणि मागाहून बफर. बफर वापरण्याआधी निर्वातात ठेवून त्यातील विरघळलेली हवा काढून टाकावी. बुडबुडा फटीसमोर आला की वाचन एकदम उसळते किंवा कोसळते. हळूहळू होणारा बदल बुडबुड्याचा नसतो, तो तापमानाचा किंवा भिंतीवर चिकटणाऱ्या रंगद्रव्याचा असतो.

आता १० मायक्रोमोलर फ्लुओरेसीन सोडावे. एवढ्या संहतीचा हिरवा पट्टा अंधारात डोळ्यांनीही दिसतो. चिप तीन दिशांना सरकवणाऱ्या चौकटीवर असावी. सूक्ष्मदर्शकाची जुनी स्टेज यासाठी उत्तम. आधी चिप वरखाली करून वाचन सर्वाधिक करावे, नंतर चॅनेलला आडवे सरकवून. मात्र सर्वाधिक वाचनावर समाधान मानू नये. बफर पुन्हा सोडून पार्श्वभूमी मोजावी, आणि दोहोंचे गुणोत्तर जेथे सर्वाधिक येते ती जागा कायम करावी. या दोन जागा क्वचितच एक असतात, कारण चॅनेलच्या भिंतीजवळ वाचन थोडे वाढते पण विखुरलेला प्रकाश त्याहून कितीतरी अधिक वाढतो. एलईडीचा कोन, सापळ्यांच्या जागा आणि फट यांचीही जुळणी याच गुणोत्तरावर करावी. एकदा जागा मिळाली की सर्व स्क्रू घट्ट करावेत, आणि त्यानंतर चिप बदलल्याशिवाय काहीही हलवू नये.

कॅलिब्रेशन

फ्लुओरेसीनच्या डायसोडियम क्षाराचा रेणुभार ३७६.३ आहे, त्याचे ३.७६ मिलिग्रॅम १० मिलिलिटर बफरमध्ये विरघळवले की १ मिलिमोलर साठा तयार होतो. बफर बोरेट, पीएच ९. फ्लुओरेसीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) सुमारे ६.४ असल्यामुळे पीएच ७ च्या आसपास किंचित फरकानेही तेज बदलते, म्हणून मानक आणि नमुना एकाच पीएचला असणे अत्यावश्यक आहे. पातळ द्रावणे त्याच दिवशी करावीत आणि फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावीत. नेत्रचिकित्सेसाठी मिळणारे फ्लुओरेसीन मानक म्हणून वापरू नये. ते तपासणीपुरते चमकावे म्हणून केलेले असते, अचूक संहतीसाठी नव्हे.

मानके कमी संहतीकडून जास्तीकडे सोडावीत. येथे सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट चिप नसून नळी असते. ०.५ मिलिमीटर आतील व्यासाच्या ३० सेंटीमीटर नळीत सुमारे ५९ मायक्रोलिटर द्रव असतो. ५ मायक्रोलिटर प्रति मिनिट वेगाने तो एकदा बदलायला १२ मिनिटे लागतात, आणि आधीचे द्रावण पूर्ण धुऊन जायला त्याच्या दोन-तीन पट. घाईने घेतलेले वाचन दोन मानकांच्या मधले कुठलेतरी असते, आणि रेषा तरीही बऱ्यापैकी सरळ दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. ०.२५ मिलिमीटर व्यासाची नळी घेतल्यास हाच वेळ ३ मिनिटांवर येतो. प्रत्येक मानकानंतर बफर सोडून पार्श्वभूमी मूळ पातळीवर परतते का हे पाहावे. परतत नसेल तर रंगद्रव्य भिंतीला चिकटत आहे.

उथळ चॅनेलचा एक फायदा येथे मिळतो. क्युव्हेटमध्ये १० मायक्रोमोलर फ्लुओरेसीनची शोषकता ०.७७ असल्यामुळे पुढचा थर मागच्या थराचा प्रकाश अडवतो आणि आलेख वाकतो. चॅनेलमध्ये तीच शोषकता ०.००४ च्याही खाली असते, त्यामुळे १० नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत रेषा सरळ राहायला हवी. दोन्ही अक्षांवर लॉगरिथम घेऊन उतार १ येतो का ते तपासावे. खालच्या टोकाला रेषा आडवी होत असेल तर पार्श्वभूमीची वजाबाकी चुकली आहे.

ओळखमर्यादा, म्हणजे ओळखता येणारी सर्वांत कमी संहती, काढण्यासाठी निव्वळ बफरची निदान दहा स्वतंत्र वाचने घ्यावीत, त्यांच्या प्रमाण विचलनाला ३ ने गुणावे आणि कॅलिब्रेशनच्या उताराने भागावे. १० ने गुणल्यास परिमाणमर्यादा, म्हणजे भरवशाने मोजता येणारी सर्वांत कमी संहती, मिळते. ही दहा वाचने एकाच मिनिटात सलग घेतली तर उत्तर फार सुंदर येते आणि फार खोटे असते, कारण त्यात एलईडीची तासाभरातली घसरण येतच नाही. नमुने ज्या अवधीत मोजायचे आहेत त्याच अवधीत, मधूनमधून बफर सोडून, ती घ्यावीत. अशा रीतीने काढलेली मर्यादा या संचात काही दहा नॅनोमोलर आली तर काम चांगले झाले असे समजावे. त्याच्या शंभर पट खाली जायचे असेल तरच लेझर, उत्तम ऑब्जेक्टिव्ह आणि फोटोमल्टिप्लायर यांचा विचार करावा.

प्रकाशामुळे रंगद्रव्य फिकट पडते का, हे पाहण्यासाठी प्रवाह थांबवून एलईडी चालूच ठेवावी. वाचन हळूहळू उतरले तर फिकट पडणे चालू आहे. मग प्रवाह दुप्पट केल्यावर वाचन वाढते का ते पाहावे. वाढत असेल तर एकतर एलईडीची शक्ती कमी करावी किंवा सर्व मोजमापे, मानकांसह, एकाच प्रवाहवेगाला घ्यावीत.

वाहते थेंब मोजताना

तेलात वाहणारे पाण्याचे थेंब मोजायचे असतील तर वरील संच जसाच्या तसा चालत नाही. सेकंदाला १,००० थेंब जात असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १ मिलिसेकंद येतो, आणि त्याचा आकार नीट उमटण्यासाठी सेकंदाला निदान ५०,००० वाचने हवीत. फट चॅनेलला समांतर न ठेवता आडवी, एका थेंबाच्या लांबीहून अरुंद अशी करावी लागते. थेंबाची वक्र कडा भिंगासारखी वागते, त्यामुळे वाचनाच्या दोन्ही टोकांना उंच कंगोरे दिसतात. फ्लुओरिनयुक्त तेलाचा अपवर्तनांक १.२९ च्या जवळ, म्हणजे पाण्यापेक्षा फारसा वेगळा नसल्यामुळे, ते खनिज तेलापेक्षा कमी त्रास देते. संहती काढताना कंगोरे सोडून थेंबाच्या मधल्या भागाचीच सरासरी घ्यावी, आणि थेंबाची लांबी त्याच वाचनाच्या रुंदीवरून, प्रवाहाचा वेग धरून काढावी.